दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी आयुष्यात एकच गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. ती वेळेवर सांगितली असती तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण काही माणसांना तोंड नुसतं सुया धरायला दिलेलं असतं, त्याला कोण काय करणार? तेव्हा ऐका आता.

मास्तर म्हणजे कोट शिवणारे मास्तर. वय सत्तावन्न, डोक्यावर केस बेताचेच, गळ्यात टेप. दुकान म्हणजे एक लांबोडी खोली. तिच्यात कापायचं मोठं टेबल, दोन मशीनं, माणसाएवढा आरसा आणि कायम तापलेली इस्त्री. खिडकीपाशी त्यांची थोरली बहीण बसायची. तिला अख्खी गल्ली ताईच म्हणायची. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि दुकानातली काजं-बटणं तिनं ताब्यात घेतली. तिच्या हातचं काज पाहून लोक खूश व्हायचे आणि तिच्या तोंडचं बोलणं ऐकून लवकर घरी जायचे.

तर एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई दुकानात आली. पन्नाशी उलटलेली, अंगानं भरलेली, केसांत निम्मी चांदी. काखेतलं पुडकं तिनं टेबलावर ठेवलं, सोडलं, आणि आतलं एका अंगानं लवेचं राखाडी लोकरी कापड मास्तरांपुढे सरकवलं.

"कोट शिवायचाय," ती म्हणाली. "थंडीचा. गुडघ्यापर्यंत."

"बसा की."

"बसायला वेळ नाही. पुढच्या बुधवारी मी मुलाकडे चाललेय, कायमची. तिकडे हाडं गोठतात म्हणे. मंगळवारी कोट हातात पाहिजे. होईल का ते सांगा."

"होईल."

"मग घ्या माप."

आणि तिनं हात अंगापासून जरासे लांब केले, हनुवटी वर उचलली आणि श्वास सोडून उभी राहिली. गिऱ्हाइकं अशी उभी राहत नाहीत. गिऱ्हाइकं पोट आत ओढतात. शिंप्याच्या दुकानात ज्यानं वर्षं काढलीत तोच श्वास सोडून उभा राहतो. मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

टाचणी!

टाचणीच होती ती. अंगात एक औंस मांस नव्हतं तेव्हाचं ते नाव, आणि बोलणं टोचायचं म्हणूनही. एकतीस वर्षांनी समोर उभी. आता टाचणीचा भाग काही उरला नव्हता म्हणा, पण हनुवटी तीच होती. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. टेपाचं टोक इतकं थरथरायला लागलं की त्यांनी तो परत गळ्यात टाकला. आणि तोंडातून काय निघावं?

"माप आहे माझ्याकडे."

काय हा माणूस! बाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा टेपाकडे. "अस्सं," ती म्हणाली. "मग बरंच झालं." आणि पत्ता लिहून दिला, शनिवारी ट्रायलला येते म्हणाली आणि गेली.

आता या "अस्सं"चा अर्थ काय लावायचा? ओळखलं म्हणून अस्सं, की हा शिंपी येडा दिसतो म्हणून अस्सं? मास्तर दाराकडे बघतच राहिले.

"ओळखीची का रे?" ताईनं दोरा दातानं तोडत विचारलं.

"नाही."

"मग तिचं माप तुझ्याकडे कुठून आलं? स्वप्नात घेतलंस?"

मास्तरांनी कापडाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

ताईला ठाऊक नव्हतं, कारण ती तेव्हा सासरी होती. मास्तर तेव्हा मास्तर नव्हते. ते सव्वीस वर्षांचे कारागीर होते आणि वस्तादांच्या दुकानात कोट कापायचे. टाचणी तिथेच काजं करायची. तीन वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसली. कात्री मागायच्या निमित्तानं बोलणं, चहाच्या निमित्तानं उठणं, पुढचं तुम्हाला सांगायला नको. मग एक दिवस ती बाटलीच्या रंगाचं हिरवं कापड घेऊन आली. तिच्या वडिलांनी कधी काळी स्वतःच्या कोटासाठी घेतलं होतं, कोट शिवायच्या आधी ते गेले. कापड तेवढं उरलं. "माझा कोट तूच शिव," ती म्हणाली होती. आणि या बहाद्दरानं म्हटलं होतं, "शिवतो. कोट झाला की तुझ्या आईला भेटायला येतो. तू तोच घालून दार उघड."

म्हणजे कोट हा कोट राहिलाच नव्हता. ते ठरवून टाकलेलं लग्न होतं.

वस्ताद जुन्या वळणाचे. टेप वापरायचे नाहीत. तपकिरी कागदाची लांब पट्टी घ्यायची, एका टोकापासून छाती मोजली की कात्रीनं कडेला छोटा चिरा पाडायचा, कंबर मोजली की दुसरा, तसंच खांदा, पाठ, बाही. आकडा कुठेच नाही. एका माणसाची एक पट्टी, डोक्याशी ओळखीसाठी एका रंगाचा दोरा. टाचणीची पट्टी मास्तरांनी स्वतः केली, निळा दोरा बांधला. ते माप घेताना दुकानात किती गिऱ्हाइकं आली न् गेली, त्यांना पत्ता नव्हता.

आणि मग त्यांनी बाह्या कापल्या.

बाही कापायची म्हणजे कागदाचा फर्मा कापडावर ठेवायचा, खडूनं आखायचा, कापायचा. मग तोच फर्मा पालथा करायचा आणि दुसरी बाही कापायची. पालथा केला नाही तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. त्या कापडाची एक बाजू मऊ लवेची, दुसरी साधी, म्हणजे बाही उलटी करून वेळ मारून न्यायचीही सोय नाही. पहिल्या महिन्यातला शिकाऊ ही चूक एकदा करतो, कानाखाली खातो आणि जन्मात परत करत नाही. पाच वर्षं कोट कापलेल्या आमच्या कारागिरानं, डोक्यात टाचणी आणि तिच्या आईचं दार घोळत असताना, दोन डाव्या बाह्या कापल्या. कापड बरोबर तेवढंच होतं. वीतभर चिंधीसुद्धा उरली नव्हती.

मेलेल्या बापाचं कापड! तिला काय तोंड दाखवायचं? दुसरा कुणी असता तर गेला असता, चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि मोकळा झाला असता. यानं काय केलं, तर हिरव्या कापडाचा एक तुकडा खिशात टाकला, पट्टी पिशवीत टाकली आणि पहाटेच्या गाडीनं गाव सोडलं. तसंच कापड शोधायला! चार महिने गावोगावची दुकानं पालथी घातली. मिळालं एक, रंगाला बरंचसं तसंच. घेऊन परत आले तर वस्तादांनी सांगितलं, "ती तीनदा विचारायला आली होती. मग तिच्या आईनं स्थळ बघितलं. लग्न होऊन दोन महिने झाले."

एवढीच ती गोष्ट. "माझ्याकडून दोन डाव्या बाह्या कापल्या गेल्या." हे एक वाक्य पोटात ठेवून माणूस एकतीस वर्षं जगला. लग्न केलं नाही. ताईनं तीन मुली दाखवल्या, तिघींत यांनीच खोट काढली. एक फार बोलते, एक बोलतच नाही, आणि तिसरीचं काय, तर तिच्या ब्लाउजची शिलाई वाकडी होती!

निळ्या दोऱ्याची पट्टी मशीनच्या खणात होती, बॉबिनांच्या डब्याखाली. त्या मंगळवारी दुपारी ताई जेवायला गेली तेव्हा मास्तरांनी ती काढली. कागद पिवळा पडलेला, कडा मऊ झालेल्या. त्यांना फक्त बघायची होती. पण शिंप्याच्या हाताला स्वस्थ बसवत नाही. त्यांनी पट्टी टेबलावर पसरली आणि शेजारी टेप ठेवला.

टाचणीची कंबर चोवीस होती. हे मास्तर झोपेतही सांगतील. पट्टीवरचा कंबरेचा चिरा मात्र टेपाच्या छत्तिसावर होता.

त्यांनी चष्मा पुसला. पट्टी पुन्हा टेपाला लावली. छत्तीस. छाती, पाठ, सगळेच चिरे सरकलेले. कुठे जुन्या चिऱ्याची खूण नाही, कुठे डिंकानं चिकटवलेलं नाही. कागद दमटपणानं फुगतो, मान्य. पण फुगून फुगून एक फूट फुगतो का?

बरं, हे आकडे कुणाचे? मास्तरांनी डोळे मिटून सकाळची बाई आठवली. तीस वर्षं लोकांना नजरेनं मोजलेलं. खोटं कशाला बोला, ही त्या बाईचीच मापं होती.

माणसानं घाबरायचं तरी किती? मास्तरांनी पट्टी खणात टाकली आणि संध्याकाळपर्यंत ताईशी गिऱ्हाइकांच्या बटणांवरून वाद घातला. बुधवारी सकाळी पुन्हा पाहिलं. तेच. मग शेवटी काय करणार, वेळ थोडा होता, दुसरं माप नव्हतं, आणि 'आता पुन्हा या, माप घ्यायचंय' असं त्या बाईला सांगायचं धैर्य तर त्याहून नव्हतं. त्यांनी राखाडी कापड अंथरलं आणि त्या पट्टीवरून कोट कापला. बाह्या तेवढ्या शेवटी ठेवल्या. बाह्यांपाशी आलं की त्यांचा हात एकतीस वर्षं जरा थबकतोच.

शनिवारी ती आली. कोटाला कच्चे टाके घातले होते, बाह्यांच्या जागी नुसती भोकं. ती आरशापुढे उभी राहिली. मास्तरांनी मागून कोट चढवला आणि दोन पावलं मागे सरले.

कोट बसला होता. अहो, बसला म्हणजे काय! पाठीवर एक चुणी नाही. ताईसुद्धा काज सोडून बघायला उठली.

टाचणीनं आरशात स्वतःला न्याहाळलं. मग तिचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला. तिथं मास्तरांनी अर्धा इंच उतार दिला होता. पट्टीवर खांद्याला दोन चिरे होते, एक वर, एक खाली. पूर्वी एकच होता.

"हा खांदा उतरलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मास्तर कोटावरचा नसलेला धागा झटकायला लागले.

"डॉक्टर सोडून कुणाला माहीत नाही. नऊ वर्षं नवऱ्याला याच खांद्यावर घेऊन उठवत होते, बसवत होते. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. खांदा काही परत वर आला नाही." तिनं आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. "माप तर तुम्ही घेतलंच नाही."

"अंदाजानं," मास्तर म्हणाले.

"अंदाजानं," ती म्हणाली. तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू होतं की दुसरं काही, देव जाणे. "बाह्या कधी लावणार?"

"सोमवारी. मंगळवारी कोट घरपोच देतो."

"नक्की? नाहीतर काही शिंपी माप घेऊन गायब होतात."

असं म्हणून ती गेली. आता मात्र कळलं ना तिनं ओळखलंय ते? तुम्हाला कळलं, मला कळलं, ताईला कळलं. मास्तर मात्र संध्याकाळपर्यंत ताईला विचारत होते, "हे ती सगळ्याच शिंप्यांबद्दल बोलली असेल ना गं?"

"तू काय केलंयस त्या बाईचं?" ताईनं विचारलं.

"काही नाही."

"तेच म्हणते मी. काहीच केलेलं नसणार."

रविवारी दुकान बंद. तरी मास्तर गेले, पट्टी काढली. कंबर साडेपस्तीस. सोमवारी सकाळी पस्तीस. ते पट्टीकडे बघत उभे राहिले, आणि गंमत म्हणजे या खेपेला त्यांना भीती वाटली नाही, काळजी वाटली. ही बाई जेवत नाही की काय? एकटीनं घर आवरतेय, आणि चूल कधीच बांधून टाकली असेल. मग त्यांचं त्यांनाच वाटलं, आपण कागदाच्या चिटोऱ्यावरून दुसऱ्याच्या बायकोचं पोट मोजतोय. मग आठवलं, आता ती कुणाची बायको नाही. मग याचीही लाज वाटली. त्यांच्या डोक्यात नुसता गुंता झाला होता, टोक काही सापडत नव्हतं.

अशा डोक्यानं त्यांनी बाह्या कापायला घेतल्या.

सावध होते हो! फर्मा ठेवला, आखलं, कापलं. पहिली बाही बाजूला ठेवली, तिच्यावर खडूनं 'डावी' असं लिहिलं. मग फर्मा पालथा केला. केला म्हणजे केलाच. मोठ्यानं म्हणाले पण, "पालथा केला." ताई खिडकीतून म्हणाली, "बघितलं मी. आता काय टाळ्या वाजवू?" त्यांनी आखलं, कापलं, दुसरी बाही उचलून पहिलीवर ठेवली.

दोन्ही डाव्या.

त्यांनी बाह्या उलटसुलट केल्या, खिडकीपाशी नेल्या, हातावर चढवून पाहिल्या. डावी, आणि डावी. टेबलावर उरल्या होत्या चार अंगठ्याएवढ्या चिंध्या.

"ताई," त्यांचा आवाज चिरका झाला. "मी फर्मा उलटला होता ना?"

"उलटला होतास."

"मग हे काय?"

ताईनं चष्म्यातून बघितलं आणि पहिल्यांदाच तिला टोमणा सुचला नाही. "अरे देवा," ती म्हणाली.

मास्तर स्टुलावर बसले. त्यांची नजर दाराकडे गेली. बस स्टँड दहा मिनिटांवर. मामेभाऊ चार तासांच्या अंतरावर राहतो, किती दिवस ये ये म्हणतोय. हे कापड कुठेतरी मिळेलच, एक तुकडा खिशात टाकला की... त्यांचा हात खरंच एका चिंधीकडे गेला. बोटांत ती राखाडी चिंधी आली आणि तिथंच माणूस थांबला. एकतीस वर्षांपूर्वीचा तो गाढव पुन्हा पहाटेची गाडी पकडायला निघाला होता, आणि मास्तरांना तो स्वच्छ दिसला. टाचणी परवा जाणार होती. परवानंतर कुठलं कापड मिळून काय उपयोग?

त्यांनी चिंधी टाकली, दोन्ही बाह्या कागदात गुंडाळल्या, खणातली पट्टी वरच्या खिशात ठेवली आणि उठले.

"कुठं?" ताईनं विचारलं.

"शिव्या खायला."

"जेवून तरी जा."

पण ते गेलेसुद्धा.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मास्तर वर पोचले तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती, आणि त्याला जिने एकटेच कारण नव्हते. त्यांनी घंटा वाजवली. दार उघडलं. तिच्या मागची खोली रिकामी होती. दोरीनं बांधलेली खोकी, गुंडाळलेली गादी, भिंतीवर तसबिरी काढल्याचे चौकोन. आणि ती दमलेली, पदर खोचलेली, हातात सुतळी.

"मंगळवार उद्या आहे," ती म्हणाली.

मास्तर दारातच सुरू झाले. आत या म्हणेपर्यंत थांबले असते तर अवसान गळालं असतं.

"माझ्याकडून दोन्ही बाह्या डाव्या कापल्या गेल्यात. कापड उरलेलं नाही. आणि तेव्हाही हेच झालं होतं. तुझ्या वडिलांचं कापड. फर्मा उलटायला विसरलो, दोन्ही डाव्या झाल्या. तुला तोंड कसं दाखवू म्हणून पळालो. तसंच कापड शोधत होतो, चार महिने. मिळालंसुद्धा. आलो तर तुझं लग्न झालेलं." त्यांनी दम घेतला. "एवढंच होतं. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

तिनं हातातली सुतळी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. एकतीस वर्षं फार मोठी असतात हो, तेवढी गिळायला माणसाला थोडा वेळ लागतो.

"बाह्या?" शेवटी ती म्हणाली. "बाह्यांपायी?"

"हो."

"अरे मूर्खा!" तिचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "तू माझं माप घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी नाहीसा झालास. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, माझंच काही मापात बसलं नाही. इतकं जवळून बघितलं आणि नको वाटले. आरशापुढे उभी राहिले ना की आजही तेच वाटतं मला! आणि तू म्हणतोस बाह्या?"

मास्तरांचे डोळे भरून आले. हे त्यांच्या एकतीस वर्षांच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. ते आपले कापडासाठी झुरत होते.

"नको वाटायला काय मला वेड लागलं होतं?" ते कसेबसे म्हणाले.

"आण इकडे." तिनं डोळे पुसले आणि हात पुढे केला. "दाखव तुझी कर्तबगारी."

त्यांनी पुडकं दिलं. तिनं दारापाशीच्या एका खोक्यावर दोन्ही बाह्या पसरल्या. आयुष्याची किती वर्षं तिनं बाह्यांच्या कडांवर काजं केली होती. तिची बोटं कापडावरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मग तिनं मान वर केली.

"चष्मा कधी बदललास?"

"का?"

"ही डावी. आणि ही उजवी."

मास्तर पुढे वाकले. एक डावी होती. तिच्यावर खडूनं 'डावी' लिहिलेलंही होतं. आणि दुसरी चांगली सणसणीत उजवी होती. त्यांनी उचलली, फिरवली, पालथी केली. हातावर चढवली. उजवीच.

"ताईनं बघितलंय!" ते ओरडलेच. "दोन्ही डाव्या होत्या! ताईला विचार! आणि ही पट्टी बघ, तुझीच आहे ही. हिचे चिरे सरकतात. हिच्यावरूनच मला खांदा कळला. तू शनिवारपासून जेवली नाहीस, हेसुद्धा हिनंच सांगितलं!"

ती चमकली. "शनिवारपासून?" ती हळूच म्हणाली. "हे तुला..." आणि तिनं पट्टी हातात घेतली, निळ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. मग कंबरेचा चिरा धरून तिनं पट्टी स्वतःभोवती गुंडाळून पाहिली. पट्टी पुढे येऊन मिळेचना. फूटभर अंतर उरलं. चोवीस इंच, कधी काळच्या एका काटकुळ्या पोरीचे. खांद्याला एकच चिरा.

ती हसायला लागली. हसता हसता खोक्यावर बसली. "यावरून कोट कापलास होय?"

मास्तर नुसते उभे. बाह्या धड, पट्टी जुनीच, पुरावा म्हणाल तर शून्य. ज्या चुकीची कबुली द्यायला ते तीन जिने चढून आले होते ती चूक झालेलीच नव्हती. आपल्याला वेड लागलंय, की आत्ता उतरलंय, की त्या पट्टीनं आणि बाह्यांनी मिळून आपल्याला इथवर हाकलत आणलं, काही म्हणजे काही कळेना.

"बाह्या तर बरोबर आहेत," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "मग तू आलास कशाला?"

घ्या! आता कुठे पळणार? हातात ना चूक, ना कापड. समोर फक्त ती, आणि मागे उघडं दार. मास्तरांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग त्यांनी मागे हात नेऊन ते लोटलं.

"जाऊ नकोस म्हणून सांगायला," ते म्हणाले. "मला तू हवी आहेस. तेव्हाही हवी होतीस. कोट-बीट सगळं निमित्त होतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. दुपारचा एक वाजला असेल. ती बराच वेळ बाह्यांची घडी घालत बसली. एकदा घातली, पसंत पडली नाही, मोडली, पुन्हा घातली.

"मुलगा स्टेशनवर घ्यायला येणार आहे," ती म्हणाली.

"हो."

"त्याला काय सांगू? शिंप्यानं कोट दिला नाही?"

"देतो की. उद्या देतो. बाह्या बरोबर आहेत, तूच म्हणालीस."

"बघा! याला अजून कळत नाही." तिनं कपाळावर हात मारला. "अरे, एकदा कोटाशिवाय गेले होते, तेवढं पुरे झालं. आता कोट झाल्याशिवाय मी कुठं जात नाही. आणि माझं माप तू अजून घेतलेलं नाहीस. कागद मला नको दाखवूस. टेप आणलायस?"

मास्तरांचा हात गळ्याकडे गेला. टेप होता. तो तिथं नाही असं कधी होतच नाही. त्यांनी तो काढला आणि टोक पुन्हा थरथरायला लागलं. या वेळी त्यांनी तो परत गळ्यात टाकला नाही.

ती उठून उभी राहिली. हात अंगापासून जरासे लांब, हनुवटी वर, श्वास सोडलेला. आणि मग तिनं एकदम हात खाली घेतले.

"थांब," ती म्हणाली. "आधी जेवू. शनिवारपासून खरंच जेवले नाही मी. त्या खोक्यात भांडी आहेत, दोरी सोड."

मास्तर गुडघ्यांवर बसले आणि दोरीची गाठ सोडायला लागले. गाठ तिनंच मारलेली, पक्की. बऱ्याच वेळानं सुटली.